खुंट्या

गणपतीच्या सहाव्या रात्रीची गोष्ट. आरत्या आटपल्या होत्या आणि भजनाची मंडळी वरच्या वाडीतून अजून खाली उतरली नव्हती. पाऊस धरून आलेला. पडवीत तो वास भरला होता जो वर्षातून याच दिवसांत येतो: कापराचा, ओल्या शेणाचा, माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला, बांधलेल्या कवंडळांचा आणि आत चुलीवर शिजणाऱ्या काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचा. पुतण्या पुण्याहून येताना गिटार घेऊन आला होता. "काका, इयन गिलन ऐंशीचा झाला. पंधरा दिवस झाले असतील. तुझं ते गाणं म्हण ना," असं म्हणून त्याने मांडी घातली आणि सुरुवातीचा तुकडा छेडायला घेतला. ते गाणं म्हणजे डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं 'चाइल्ड इन टाइम', आणि गिलन त्यांचा गायक. १९७० साली 'इन रॉक' अल्बममध्ये आलं तेव्हा गिलन चोवीस वर्षांचा होता. मी ते बाविसाव्या वर्षी गात असे. आमच्या घरात त्याची कथा होऊन बसली आहे. ज्या पोरांनी मला गाताना कधी ऐकलं नाही, त्यांनाही काका काय किंकाळी मारायचा हे ठाऊक आहे.

त्या गाण्याची सुरुवात सोपी आहे, बोलल्यासारखी. ती मी बरी म्हटली. पण मग शब्द संपतात आणि नुसता आवाज उरतो. आधी ओठ जवळ आणून 'ऊ', मग पायरी पायरी चढत 'आ', आणि शेवटी किंकाळी. मी चढलो. 'ऊ' निघाला. 'आ'च्या दुसऱ्या पायरीवर आवाज होता तिथून नाहीसा झाला. चिरकला असता तरी चाललं असतं, चिरकण्यातही काहीतरी असतं. इथे काहीच नव्हतं. तोंड उघडं, पोट आत ओढलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि बाहेर नुसता वारा.

कुणी हसलं नाही. बायको वाती वळत होती, ती वळतच राहिली. पुतण्याने मान वर न करता फोन गिटारला टेकवला आणि एकेक खुंटी सैल करायला लागला. आधी सगळ्या तारा एका सुराने खाली आणल्या, कान लावून ऐकलं, मग आणखी अर्ध्या सुराने उतरवल्या. सहा तारा, दोनदा. तारा सैल पडल्या तसा गिटारचा आवाज जाड आणि जरा घोगरा झाला. तोच सुरुवातीचा तुकडा त्याने आता खालून वाजवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," मी म्हटलं. "मंडळी येतील आता." आणि उठून खळ्यात गेलो.

त्यानंतर किती दिवस झाले, तो आवाज कानातून जात नाही. माझा नव्हे, खुंट्यांचा. तार उतरताना ती जी एक लांब घसरती कुरकुर करते, ती. सूर लागला नाही याचं मला तितकं वाटलं नव्हतं. तो जाणार हे माहीत होतं, गेला असावा असा संशयही होता. मला लागलं ते त्या पोराचं न बोलता केलेलं काम. ताटात भात वाढलेला असताना कुणीतरी न सांगता पेज आणून समोर ठेवावी, तसं. पेज मायेनेच आणलेली असते, आणि म्हणूनच तिला नको म्हणता येत नाही. मी मात्र नको म्हटलं. त्याने माझ्यासाठी तयार केलेल्या पट्टीत एक ओळसुद्धा न म्हणता उठून गेलो. त्याने काय समजायचं ते समजून घेतलं असेल. मला ते अजून सतावतं.

आमचं मूळ घर हेच, आचऱ्याच्या खाडीजवळ. पण मी वाढलो लालबागला. वडील गिरणीत होते आणि चाळीतल्या भजनी मंडळात कोरसला बसायचे. त्यांना बुवा व्हायचं नव्हतं. बुवाने ओळ टाकली की ती झेलून वर उचलायची, यातच त्यांना सुख होतं. काळबादेवीपासून परळपर्यंत गावकऱ्यांच्या खोल्या होत्या आणि त्या खोल्यांतून शनिवार रात्री पखवाज घुमायचा. ते ऐकत मी झोपलो आहे. मग कॉलेजात एका मित्राने कॅसेट दिली आणि सगळं उलटंपालटं झालं. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये मी तासन्‌तास उभा राहायचो, विकत घ्यायला पैसे नसले तरी. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा मी मालवणला बदलीवर होतो, आणि बातमी वाचून बँकेच्या काउंटरवर माझ्याने पाच मिनिटं काही काम झालं नाही. आमचा ग्रुप होता चार जणांचा. तालीम पार्ल्यात एकाच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की अॅम्प्लिफायर पुरा पिळला तरी कमी पडायचा, आणि त्या आवाजावरून जाण्यासाठी मी ओरडायचो. ओरडून झाल्यावर घशात लोखंडाची चव यायची. ती चव मला आवडायची. आपण काहीतरी खरं केलं असं वाटायचं.

वडिलांनी मला गाताना एकदाच ऐकलं, कॉलेजच्या कार्यक्रमात, मागच्या भिंतीला टेकून. गिरण्यांचा संप सुरू होऊन चार वर्षं झाली होती, गिरणी सुटली होती, आणि ते गावी निघायच्या तयारीत होते. बसस्टॉपवर मला म्हणाले, "वायच खालच्या पट्टीत घेतलंस तर काय होयत?" मी म्हटलं, मग त्या गाण्यात उरलं काय, ते गाणं म्हणजे ती उंचीच. त्यांनी विचार केला. खरोखर केला, मला उडवून लावलं नाही. मग म्हणाले, "होय तर. येता तवसर गावन घे." १९८६ साल होतं ते. पुढच्या वर्षी मी बँकेत लागलो. बदल्या सुरू झाल्या, ग्रुप मोडला. १९९५ साली डीप पर्पल मुंबईत येऊन गेले, तेव्हा मी घाटावरच्या एका शाखेत तिमाही हिशेब जुळवत होतो.

आवाज बदलतोय हे मला गाण्यातून कळलं नाही, फोनवरून कळलं. दोन वर्षांपूर्वी सिलिंडरसाठी फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "हो मॅडम, उद्या येईल." आठवड्यात दुसऱ्यांदा तसंच झालं. मी कोल्हापूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकातून एक बारीक नळी घातली आणि मला समोरच्या पडद्याकडे बघायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझे स्वरतंतू पाहिले. दोन पांढुरक्या पट्ट्या, बोटाच्या एका पेराएवढ्या. एवढ्याशा गोष्टीवर मी विशी ते पंचविशी उभी केली होती. पाश्चात्त्य वाद्यं ज्या सुराला जुळवतात, तो गायचा तर त्या पट्ट्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींना भिडतात; किंकाळीला त्याच्या दुपटीकडे जातात. डॉक्टर म्हणाले, "ई म्हणा." मी म्हटलं. पट्ट्या जवळ आल्या, दोन्ही टोकांना मिटल्या, पण मध्ये एक फट राहिली. जुन्या दाराची फळी वाकते आणि मधून उजेड दिसतो, तशी.

त्या फटीतून वारा जातो, आणि गणपतीपुढे माझ्या तोंडातून आला तो हाच. वयाबरोबर स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो, त्यांच्या कडा धनुष्यासारख्या वाकतात, वरच्या थराची लवचीकता जाते, आणि भोवतालच्या कूर्चांचं हळूहळू हाड होतं. पुरुषाचा आवाज म्हातारपणी बऱ्याचदा पातळ आणि चढा होतो, बाईचा उतरतो. म्हणजे म्हातारपणी दोघं जण एकमेकांच्या जवळ यायला निघतात. डॉक्टरांनी सांगितलं, यात आजार काही नाही. एक व्यायाम दिला: ग्लासातल्या पाण्यात नळी बुडवायची आणि बुडबुडे काढत सूर धरायचा. उलट येणाऱ्या दाबामुळे पट्ट्या कमी घासून नीट मिटायला शिकतात. मी तो रोज सकाळी विहिरीकडच्या पायरीवर बसून करतो. बोलण्याला फरक पडला. फोनवर आता मला कुणी मॅडम म्हणत नाही. त्या गाण्याला मात्र पडला नाही.

विसर्जनानंतर घर रिकामं झालं आणि मी एक नाद लावून घेतला. रात्री पडवीत, जिथे जरा रेंज येते तिथे खुर्ची टाकून, म्हाताऱ्या झालेल्या रॉक गायकांना ऐकायचं. तरुणपणचं नाही, आत्ताचं. मला बघायचं होतं की या माणसांनी स्वतःच्या खुंट्या कशा सैल केल्या.

लेड झेपेलिन या बँडचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याच्यापासून सुरुवात केली. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनामध्ये लेड झेपेलिन पुन्हा एकदा एकत्र वाजवायला उभे राहिले तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता. तो कार्यक्रम मी पूर्वी दोनदा पाहिला होता आणि म्हाताऱ्याने काय आवाज राखलाय म्हणून भरून पावलो होतो. या वेळी शेजारी पेटी घेऊन बसलो. काही गाणी सरळ सरळ खालच्या पट्टीत आहेत. माझ्या इतकी वर्षं लक्षातही आलं नव्हतं. मी पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून कितीतरी वेळ तसाच बसलो. आणि त्याच वर्षी याच माणसाने अॅलिसन क्राउस या गायिकेबरोबर एक अल्बम केला, ज्यात तो जवळजवळ कानात सांगितल्यासारखा गातो. त्याला २००९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हा प्लांट त्याच्या बँडचा गिटारवाला जिमी पेज याच्याबरोबर १९७२ साली मुंबईत येऊन आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला होता. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, त्याच शहरात, बाबांच्या मांडीवर, पखवाजाच्या शेजारी.

गिलनने निराळं केलं. तो अजून गातो, बँड अजून फिरतो, पण ते एक गाणं त्याने कित्येक वर्षांपूर्वी मंचावरून उतरवलं. पट्टी उतरवून म्हणायचंही नाही, म्हणायचंच नाही. बसस्टॉपवर मी वडिलांना जे सांगितलं होतं तेच त्याने ठरवलं असावं असं मला वाटतं. ज्या गाण्यात उंची हाच जीव आहे, ते खाली आणून ठेवायचं कशाला? मला हा निर्णय समजतो. तरी रात्री एक वाजता पडवीत बसून मी त्याचं आत्ताचं काही ऐकलं की मन कुरकुरतं, की एकदा, फक्त एकदा, खालून म्हणून बघायला हवं होतं.

बीटल्सचा पॉल मॅकार्टनी यांच्या पलीकडचा. जून २०२२ मध्ये, ऐंशी पुरी झाल्यावर आठवड्याभराने, तो इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाच्या अफाट गर्दीसमोर उभा राहिला आणि जुनी गाणी बरीचशी जुन्याच पट्टीत म्हणाला. आवाज थरथरतो. कुठे कुठे सुराला हात लागतो आणि निसटतो. पहिल्या रात्री मी मध्येच बंद केलं. मला ते बघवेना, जसं कुणी म्हातारं माणूस माडावर चढायला निघालं तर खालून बघवत नाही. दुसऱ्या रात्री पुरं ऐकलं. तो सूर पोचवायची धडपड लपवत नाही, हे तेव्हा कळलं. पण मला मान्य न होणारी एक गोष्ट आहे: मागे ध्वनिमुद्रित आवाज लावून पुढे ओठ हलवणं. बरेच जण तसं करतात, तिकिटाचे पैसे देणाऱ्यांना जुना सूर हवा असतो हेही खरं. मला मात्र त्यापेक्षा आमच्या पडवीतला तो नुसता वारा बरा वाटतो. तो निदान माझा होता.

काहींनी शरीराशीच झगडा केला. एल्टन जॉनच्या स्वरतंतूंवर १९८७ मध्ये शस्त्रक्रिया झाली. वरचा तो बारीक आवाज तसा परत आला नाही, खालचा भरदार झाला, आणि त्या दुसऱ्या आवाजावर तो २०२३ पर्यंत फिरला. जॉन बॉन जोवीचा एक स्वरतंतू सुकत चालला होता, म्हणून २०२२ मध्ये त्याला आत आधार बसवून मध्याकडे ढकलावं लागलं. ती फट मी स्वतःच्या घशात पाहिली असल्यामुळे वाचताना माझा हात गळ्याकडे गेला. एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलर याच्या स्वरयंत्राला २०२३ मध्ये एका कार्यक्रमात इजा झाली आणि पुढच्या वर्षी बँडने दौरे कायमचे थांबवले. लिंडा रॉनस्टॅटने २००९ नंतर मंच सोडला. आजाराने तिचं गाणंच नेलं, आणि ते तिने २०१३ मध्ये जगाला सरळ सांगितलं. तिचं मी तरुणपणी फारसं ऐकलं नव्हतं. आता ऐकतो.

आणि कॅनडाची गायिका जोनी मिचेल. तिला रॉक म्हणायचं की नाही यावर आमच्या गॅरेजमध्ये वाद झाले असते, पण माझ्यापुरतं उत्तर तिच्याकडे निघालं. 'बोथ साइड्स नाउ' हे गाणं तिने १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांची असताना, उंच, कोवळ्या, पाण्यासारख्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं. आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहिल्याचं सांगणारी पंचविशीची मुलगी मला नेहमी जरा आगाऊ वाटायची. तेच तिने २००० साली, छप्पन्नाव्या वर्षी, वाद्यवृंदासह पुन्हा गायलं. सिगारेटने आणि वयाने आवाज कितीतरी खाली गेलेला, कडा झिजलेल्या. २०१५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ती पडली, बोलणं-चालणं नव्याने शिकली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर खुर्चीत बसून ऐंशीव्या वर्षी तिने तेच गाणं म्हटलं. हातात काठी होती. तिने ती काठी तालावर हळूच टेकवली, आणि मी फोन छातीवर ठेवून डोळे मिटले. पट्टी खाली गेली म्हणून तिथे काहीच उणं पडलं नव्हतं. गाणं कुठल्या तरी उंच फडताळावरून खाली काढून तिने मांडीवर घेतलं होतं.

या सगळ्यांची एक अडचण आपल्या लोकांना चटकन लक्षात यायची नाही. आपल्याकडे गवई म्हातारा होतो तेव्हा त्याच्या आधी म्हातारे झालेले दहा गवई त्याने पाहिलेले असतात. आजारातून उठल्यावर कुमार गंधर्व छोट्या छोट्या दमात गायला लागले आणि लोकांनी त्या तोकड्या दमाचं गाणं कानात साठवून घेतलं. खर्ज आहे, मंद्र आहे, थांबायला जागा आहे. या माणसांना जागाच नव्हती. रॉक विशीतल्या पोरांनी विशीतल्या पोरांसाठी उभं केलं, आणि त्या गाण्यात कुणी साठीला, सत्तरीला पोचलेलं त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. तेच पहिले. काळोखात पाय चाचपत उतरावं तसे ते उतरले. कुणी पट्टी सैल केली, कुणी गाणं सोडलं, कुणी तारा तुटेपर्यंत ताणल्या. २०२५ च्या जुलैच्या ५ तारखेला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचं गायला. उभं राहणं आजाराने नेलं होतं. २२ तारखेला तो गेला.

मला आधाराला कुणी नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्यासाठी माणूस त्या रात्री वरच्या वाडीतूनच उतरत होता.

मी खळ्यात उभा असताना बॅटऱ्यांचा उजेड दिसला आणि मंडळी आली. पायावर पाणी घेतलं, पखवाजाचं कापड सोडलं, टाळ वाटले गेले. बुवा अठ्ठ्याहत्तरचे. वडील गिरणी सुटून गावी आले तेव्हापासून यांच्याच मागे कोरसला बसत. तरुणपणी हे बुवा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला, सूर धरायचे आणि पहाटेपर्यंत खाली यायचे नाहीत. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याला, समोरच्या बुवाची पट्टी ऐकून मुद्दाम अर्धा सूर वर चढवायचे, हे आमच्याकडे अजून सांगतात. त्या रात्री त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता दोनदा हलवून दमट हवेने फुगलेल्या पट्ट्या चाचपल्या, आणि काळी दोनला सूर दिला. सगळ्यांदेखत. कुणी वर पाहिलं नाही. पखवाजवाल्याने पुडी तेवढ्याला जुळवून घेतली. स्तवन झालं, रूपावली झाली, अभंगाला ते खालून संथ चढले, आणि जिथे वरची ओळ आली तिथे स्वतः थांबले, हात नुसता वर केला, आणि ती ओळ मागच्या दहा जणांनी उचलली. त्यात पुढच्या वर्षी दहावीला बसणारा एक मुलगा होता. त्याचा आवाज माटवीतून वर कौलांना जाऊन भिडला. बुवा डोळे मिटून ती ओळ ऐकत होते, आणि ती उतरली तशी त्यांनी जिथे सोडली होती तिथूनच पुन्हा हातात घेतली.

तीन वाजता चहाला थांबलो तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो. विचारायचं बरंच होतं, विचारलं एवढंच, की पट्टी कधी उतरवली. त्यांनी बशीत चहा ओतला. "कदी म्हंजे? येका रातीत उतारली काय? आदी अर्दो सूर. मगे आनी अर्दो." मग म्हणाले, "रातभर गावचा आसता. सुरवातीकच वर धरलंय, तर फाटफटीच्या आरतीक आवाज खयसून हाडू?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुझो बापूस असतो तर वरची वळ तोच घेतो. तेच्यावर सोडून मी निवांत आसायचंय." मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की वडील मागे बसून फक्त झेलतात. बुवांचा वरचा सूर शेवटच्या काही वर्षांत माझे वडील गात होते हे मला त्या रात्री, ते जाऊन बारा वर्षं झाल्यावर कळलं.

दसऱ्याच्या आधी माळा साफ करताना १९८६ च्या त्या कॉलेजच्या कार्यक्रमाची कॅसेट सापडली. कोकणातल्या माळ्यावर कॅसेट म्हणजे बुरशीच. फितीवर पांढरी पूड धरली होती. कापसाने पुसून, पेन्सिलीने फिरवून, वडिलांच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. त्याचा पट्टा इतक्या वर्षांनी ढिला पडलेला, म्हणून फीत हळू फिरत होती. खरखर, टाळ्या, कुणाची तरी शिटी, आणि मग मी. बाविसाव्या वर्षीचा मी, पण वेग कमी म्हणून सगळं खाली ओढलेलं: ड्रम जड पावलांनी चालल्यासारखे, आणि आवाज जाड, दमलेला, बराच वयस्क. किंकाळी आली तीसुद्धा किंकाळीसारखी नव्हती. लांबून, खाडीच्या पलीकडून कुणी हाक मारावी तशी. बायको दाराशी येऊन उभी राहिली. "हा कधी म्हटलास?" तिने विचारलं. तिला वाटलं मी हल्लीच कधीतरी रेकॉर्ड केलाय. मी पेटी काढली आणि टेपबरोबर सूर शोधला. पुतण्याने त्या रात्री जिथे आणून ठेवला होता त्याच्या जवळपासच होता.

पुतण्या पुण्याला जाताना गिटार इथेच ठेवून गेला आहे, दिवाळीला परत येणार म्हणून. पडवीच्या खिळ्याला टांगलेली असते. खाऱ्या हवेने तारांवर तांबूस डाग धरायला लागले, म्हणून मी आठवड्यातून एकदा खोबरेल लावलेल्या फडक्याने त्या पुसतो. परवा त्याचा फोन आला. घरचं सगळं विचारून झालं, पाऊस गेला का विचारलं, मग थोडा थांबला.

"काका, गिटार परत वर लावलीस?"

"नाही. तशीच आहे. तू ठेवलीस तिथेच."

पलीकडे त्याच्या खोलीत पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता.

"मग तारा नवीन आणतो," तो म्हणाला. "जाड घेऊ ना? एवढ्या खाली बारीक तारा लटपटतात."

"जाड घे," मी म्हटलं. "आणि ती वरची ओळ तू पाठ करून ये."